खोकी, बोर्ड आणि रुमाल

छंद धरावा कसा, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तो सोडावा कसा, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. संग्राहकाचा संग्रह बहुधा त्याच्या माघारीच सुटतो. मग तो घरच्यांनी विकला, भंगारात दिला किंवा एखाद्या संस्थेच्या माळ्यावर टाकला, एवढेच कानावर येते. माझ्यावर ही वेळ हातीपायी धड असताना आली आहे. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला असून फेब्रुवारीअखेर इमारत रिकामी करायची आहे. तळमजल्यावरच्या ज्या गाळ्यात गेली अठरा वर्षे माझी यंत्रे उभी आहेत, तो नव्या आराखड्यात नाही. तात्पुरते भाड्याने मिळालेले घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथली लिफ्ट चार माणसांची आहे. एकेका यंत्राचे वजन शंभर किलोच्या वर जाते. त्याला चार हमाल लागतात आणि पाचवा माणूस 'सांभाळून, सांभाळून' म्हणायला.

माझ्याकडे नाण्यावर चालणारी, उभ्या खोक्यातली व्हिडिओ गेमची सात यंत्रे आहेत. इंग्रजीत त्यांना आर्केड मशीन म्हणतात. आज पंचेचाळीस ते साठ वर्षांच्या वाचकांनी ती बसस्थानकाजवळच्या, थिएटराच्या बोळातल्या किंवा जत्रेतल्या अंधाऱ्या पार्लरमध्ये पाहिली असतील. पार्लरमधली माणसे त्याला सरळ 'खोके' म्हणत. हा शब्द अलीकडे राजकारणाने बिघडवला आहे, पण माझा इलाज नाही. मी तोच वापरणार आहे.

गेल्या जूनपासून मी शनिवारी मोडी लिपीच्या वर्गाला जातो. तिथे मन रमते. मोडीला गाळा लागत नाही, हमाल लागत नाहीत, पंचवीस हजार व्होल्टचा धक्का बसत नाही. तेव्हा खोकी सोडून उरलेले आयुष्य कागदांना द्यावे काय, असा प्रश्न घरात उघडपणे आणि माझ्या मनात जरा चोरून चालू आहे. आवड-निवड बाजूला ठेवून मी तो तीन भागांत मांडून पाहिला. या यंत्रांत जपण्यासारखे नेमके काय आहे? त्यातले किती आधीच जपले गेले आहे? आणि जे उरते त्यासाठी माझीच गरज आहे का? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात बसून आणि परदेशी सर्किटचे नकाशे कोरून कोरून वाचून. तेव्हा पुढचे विवेचन मेकॅनिकच्या बाजूने झुकलेले वाटले तर आश्चर्य नाही.

सुरुवात यंत्राच्या पोटापासून करू. या व्यवसायाचा आरंभ अमेरिकेतला. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा 'कॉम्प्युटर स्पेस' हा खेळ १९७१ साली फायबरग्लासच्या गोलसर खोक्यात आला आणि लोकांना तो फारसा कळला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या अटारी कंपनीसाठी अॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने 'पाँग' तयार केला. त्याचा पहिला नमुना कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' नावाच्या दारूच्या अड्ड्यात ठेवला होता. थोड्याच दिवसांत तो बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्नने उघडून पाहिले तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. ही कथा सगळेच सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट: 'पाँग'मध्ये प्रोसेसर नाही. प्रोग्रॅमही नाही. साध्या तर्कद्वारांच्या आयसी एकमेकींना तारांनी जोडून तो चेंडू आणि त्या फळ्या पडद्यावर उमटवल्या आहेत. म्हणजे या खेळाची 'संहिता' म्हणून वेगळी काढून ठेवावी अशी काही चीजच नाही. सर्किट हाच खेळ. तो संगणकावर पुन्हा चालवायचा तर एकेका आयसीचे आणि कंडेन्सरचे वागणे गणिताने उभे करावे लागते.

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, त्यात इंटेलचा ८०८० प्रोसेसर आहे. शत्रू जसजसे मरतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो, हे त्या खेळाचे मर्म. त्याचा उगम असा की प्रोसेसर हळू होता. काढायच्या आकृत्या कमी झाल्या की त्याला उसंत मिळे आणि तो उरलेल्यांना भराभर हलवी. निशिकादोंनी तो दोष तसाच राहू दिला. (या खेळामुळे जपानात शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली, ही दंतकथा अजून छापली जाते. तिला आधार सापडत नाही.) १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. त्याचा सगळा प्रोग्रॅम १६ किलोबाइटचा. आज मोबाइलवर आलेले सुप्रभाताचे चित्र त्याच्या कित्येक पट मोठे असते. तेवढ्यात चार भुतांना चार स्वभाव दिले आहेत. लाल भूत खेळाडू जिथे आहे तिथेच धावते. गुलाबी भूत तो जिकडे तोंड करून आहे त्याच्या चार घरे पुढचा नेम धरते. निळे भूत लाल भुताची जागा पाहून आपली दिशा ठरवते. नारिंगी भूत लांबून पाठलाग करते आणि आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे पळ काढते. २५६ व्या पातळीला उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो, कारण पातळी मोजणारी संख्या एका बाइटमध्ये मावेनाशी होते.

आता हे सारे जपण्याजोगे आहे यात शंका नाही. पण ते जपले गेलेले आहे. निकोला सालमोरिया या इटालियन गृहस्थाने फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' नावाचा प्रोग्रॅम लोकांपुढे ठेवला. जुन्या बोर्डांवरच्या स्मृती-चिपा काढून, वाचून, त्यातला मजकूर साठवायचा आणि त्या बोर्डाचे प्रोसेसर, ध्वनीचे आयसी, चित्राची यंत्रणा हे सगळे संगणकात हुबेहूब वागायला लावायचे, असे त्याचे स्वरूप. जगभरच्या हौशी लोकांनी गेल्या पावशतकात त्यात हजारो खेळ नोंदवले आणि २०१६ पासून त्याची संहिता मुक्त परवान्याखाली आहे. खेळता येणे हा त्याचा दुय्यम फायदा. बोर्ड कसा चालतो याची नोंद ठेवणे हा मूळ हेतू, असे त्याचे कर्ते सांगत आले आहेत. मी स्वतः त्याकडे शब्दकोशासारखा पाहतो. बोर्डातली एखादी खोड समजेनाशी झाली की त्याची संहिता उघडतो.

या कामाची निकड कशी होती, ते आमच्या गल्लीबोळांत गाजलेल्या एका खेळावरून सांगतो. 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' हे नाव सांगितले तर कोणाला आठवणार नाही. 'मुस्तफा' म्हटले की चाळिशीपुढचे लोक हसतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा १९९३ चा खेळ, मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेवर बेतलेला. त्यातल्या चार नायकांपैकी पिवळी टोपी घातलेला मुस्तफा कैरो आपल्या पोरांना इतका आवडला की खेळाला त्याचेच नाव पडले. त्याचा मूळ बोर्ड हे एक विलक्षण प्रकरण आहे. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने आवाजाचा प्रोग्रॅम कूटलिपीत लिहिला आणि ती उलगडण्याची किल्ली एका खास प्रोसेसरच्या आतल्या स्मृतीत ठेवली. ती स्मृती जिवंत राहते बोर्डावरच्या एका छोट्या बॅटरीच्या जोरावर. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पुढचा प्रोग्रॅम त्या प्रोसेसरला निरर्थक बडबड वाटू लागतो. त्याच वर्षापासून कॅपकॉमने पुढच्या पिढीच्या बोर्डांत तर मुख्य प्रोग्रॅमच अशा बॅटरीला बांधला. संग्राहक या बॅटरीला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. त्या पिढीच्या बोर्डांची कूटलिपी फोडायला २००१ साल उजाडले आणि तिची रीत पूर्णपणे उलगडली ती २००७ मध्ये. त्यातही सालमोरिया होताच. एखाद्या ग्रंथाच्या प्रत्येक प्रतीत वाळवी आधीच घालून ती विकायची, असा हा व्यवहार होता.

माझ्याकडे 'मुस्तफा'चे दोन बोर्ड आहेत. एक अस्सल, एक नकली. अस्सल बोर्ड जुन्या बाजारातून मिळाला तेव्हाच त्याची बॅटरी मेलेली होती. नकली बोर्ड आजही टुणटुणीत आहे, कारण नक्कल करणाऱ्यांनी ती कूटलिपीची भानगडच उडवून टाकली आणि आवाजासाठी साधा, स्वस्त आयसी घातला. त्याचे संगीत मूळच्या मानाने खरखरीत आणि तुटक आहे. गंमत अशी की माझ्या पाहण्यातल्या पार्लरमध्ये बहुतेक बोर्ड नकलीच होते. माझ्या गाळ्यात येणारे समवयस्क नकली बोर्डाचा आवाज ऐकून 'हाच तो' म्हणतात आणि संगणकावरचे अस्सल क्यू-साउंडचे संगीत ऐकून 'काहीतरी बदललंय' म्हणतात. इतिहास कोणत्या प्रतीचा लिहायचा, मुळाच्या की वाचली गेली तिच्या, हा प्रश्न पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना नवा नाही. 'मेम'ने मात्र इथेही माझे काम हलके केले आहे. त्यात नकली बोर्डांचीही वेगळी नोंद आहे.

म्हणजे प्रोग्रॅमसाठी मी खोकी ठेवायची गरज नाही. हे लिहून झाल्यावर मला जरा वेळ चहाला उठावे लागले.

मग पडदा? तिथे प्रकरण अवघड आहे. या यंत्रांत काचेची पिक्चर ट्यूब असते. मागच्या नळीतून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक आडव्या रेघा ओढतो आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळून उजेड पाडतो. 'मुस्तफा'चे चित्र ३८४ रुंद आणि २२४ उंच ठिपक्यांचे. ट्यूबवर ते ठिपके कडा विरघळून एकमेकांत मिसळतात आणि रेघांच्या मध्ये बारीक अंधार राहतो. त्या काळच्या चित्रकारांनी हे गृहीत धरून रंग भरले. सपाट पडद्यावर तेच चित्र फरशा बसवल्यासारखे दिसते. 'अॅस्टेरॉइड्स'सारख्या १९७९ च्या खेळात तर ठिपकेच नाहीत. झोत थेट रेघ ओढतो आणि गोळी म्हणजे काळोखात जळणारा एक तीव्र बिंदू असतो. तसा उजेड दुसऱ्या कोणत्या पडद्यावर मी अजून पाहिलेला नाही. शिवाय ट्यूब सिग्नल येईल तशी रेघ ओढते, थांबून साठवत बसत नाही. त्यामुळे बटण आणि ठोसा यांत अंतर पडत नाही.

पण घरगुती वापराच्या ट्यूब आता कोणी बनवत नाही. आहेत त्या जुन्या टीव्हींतून काढायच्या. वाळलेले कंडेन्सर बदलता येतात, ईएचटी ट्रान्सफॉर्मर कधी मिळतो, कधी नाही, लेप जळून 'इन्सर्ट कॉइन' ही अक्षरे काचेत कायमची उमटली असतील तर इलाजच नाही. ट्यूबचे काम जाणणारा मेकॅनिक हीही आता दुर्मीळ वस्तू झाली आहे. मी ज्यांच्याकडे शिकलो ते गुरुजी चार वर्षांपूर्वी गेले. ट्यूबच्या कडेची रबरी टोपी काढण्याआधी आतला साठलेला दाब स्क्रूड्रायव्हरने अर्थिंगला कसा उतरवायचा, हे त्यांनी मला हात धरून शिकवले. पुस्तकात ते एका ओळीत असते. पहिला चटका ऐकला की पुढची सगळी पाने आपोआप कळतात.

आणि ट्यूब टाकायची म्हटली तरी ती सुखाने टाकता येत नाही. तिच्या काचेत शिसे असते. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०११ पासून आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले, पण दारावर येणारा भंगारवाला ट्यूबच्या गळ्यावर हातोडी मारून तांब्याची वेटोळी तेवढी काढून नेतो आणि काच तिथेच टाकतो. माझ्या गाळ्यात सुट्या धरून अकरा ट्यूब आहेत. छंद सोडणे म्हणजे फक्त मन आवरणे असते तर बरे झाले असते.

परदेशात या ट्यूब आणि खोकी सांभाळणाऱ्या संस्था आहेत. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर इथे 'द स्ट्राँग' या खेळांच्या संग्रहालयात इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासाचे स्वतंत्र केंद्र आहे. न्यू हॅम्पशरमध्ये 'फनस्पॉट' नावाच्या चालत्या खेळघरात जुन्या यंत्रांचे संग्रहालय आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत 'पॅक-मॅन' आहे. 'पॅक-मॅन'ची काळजी करायला मी कर्वेनगरात बसण्याचे काही कारण नाही.

माझ्या सात खोक्यांत एक जपानी आहे. सेगा कंपनीचे 'अॅस्ट्रो सिटी', १९९३ चे मॉडेल, पांढरे, गुळगुळीत, मोठ्या पडद्याचे. संग्राहक येतात ते याच्याचसाठी आणि दोघांनी त्याला किंमतही लावली आहे. एक बसून खेळायचे टेबल आहे. उरलेली पाच आपल्याकडच्या सुतारांनी बनवलेली. प्लायवूडची, वरून सनमायका, कडेला अॅल्युमिनियमची पट्टी. आत टीव्हीचीच ट्यूब. मेकॅनिकने टीव्हीच्या सर्किटमध्ये रंगांचे तीन सिग्नल थेट सोडून ती बोर्डाला जोडलेली. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ५६ टोकांची एक सामाईक जोडणी ठरवून दिली. तिला 'जामा' म्हणतात. त्यामुळे एक बोर्ड उपसून दुसरा बसवला की त्याच खोक्यात नवा खेळ सुरू होई. ही जोडणी दोन खेळाडूंपुरती. 'मुस्तफा' तिघांचा खेळ, म्हणून माझ्या एका खोक्यात तिसऱ्या दांड्यासाठी वेगळी वायर ओढली आहे, आणि तिसऱ्या खेळाडूला उभे राहायला जागा पुरेना म्हणून सुताराने उजवी कड तिरपी कापली आहे. असा आकार मी कोणत्याही परदेशी खोक्यात पाहिलेला नाही. बाजूंवर तैलरंगात मुस्तफा काढला आहे. चित्रकार सिनेमाची पोस्टरे रंगवणारा असणार. मुस्तफाला त्याने मिशी दिली आहे आणि डायनॉसॉरच्या डोळ्यांत खलनायकाची लाली.

या खोक्यांना बाजारात किंमत नाही. संग्राहक त्यांना 'लोकल' म्हणून नाक मुरडतात. पण यांची नोंद कुठे आहे? सरकारदरबारी परवाने आणि करमणूक कराच्या फायली असतील. वर्तमानपत्रांत 'व्हिडिओ गेम पार्लर' हे शब्द बहुतेक वेळा 'नावाखाली जुगार' या शब्दांच्या सोबतीनेच येतात. ज्या जागी एका पिढीच्या पोरांनी सायकलच्या पंक्चरचे पैसे उडवले, तिचा पुरावा म्हणून धाडींच्या बातम्याच उरणार असतील तर ते चित्र पुरे नाही.

चार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातून आणलेल्या खोक्याचे मागचे दार पुसताना आतल्या बाजूला बॉलपेनाने लिहिलेल्या ओळी दिसल्या. पार्लरच्या मालकाने किंवा त्याच्या पोऱ्याने रोज डबा उघडल्यावर जमा लिहून ठेवली आहे. तारीख, रक्कम, क्वचित शेरा. 'लाईट नाही'. 'दांडा तुटला'. 'यात्रा' या शब्दापुढचे आकडे फुगलेले. मार्चमध्ये सलग काही दिवस आकड्यांऐवजी एकच शब्द: 'दहावी'. एका ठिकाणी 'पोलीस आले' आणि पुढे चार दिवस कोरे. मधेच वेगळ्या अक्षरात, बहुधा एखाद्या पोराने हळूच लिहिलेले, मुस्तफाचा सर्वोच्च गुणांक आणि नावाची तीन इंग्रजी अक्षरे. हे दार 'मेम'मध्ये नाही आणि रॉचेस्टरलाही नाही. त्यानंतर मी बाकीच्या खोक्यांचीही दारे उघडून पाहिली. आणखी तिघांवर लिखाण आहे.

आता दुसऱ्या पारड्याकडे येतो. मोडीत ओळीची शिरोरेषा आधी सबंध ओढून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जातात. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. कागद हातात आला की आधी शब्द कुठे संपतो हेच शोधावे लागते. त्यातून तारीख 'खमस सितैन मया व अलफ' अशी. हे अरबी आकडे: पाच, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६५, म्हणजे इसवी सन १७६४-६५. पहिल्यांदा हे गणित माझे मला सुटले त्या रात्री मी, बोर्ड चालू झाल्यावर होतो तेवढाच खूश होतो. पेशवे दप्तरातले रुमालच्या रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात बांधलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद सांभाळत आले आहे. त्याचे एक संस्थापक इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळत, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड त्यातून उभे राहिले. पहिला १८९८ चा. तरीही न वाचलेल्या कागदांचे ढीग आहेतच, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी ही लिपी वाचणारे आता थोडे उरलेत.

दोन्ही पारडी शेजारी ठेवली तेव्हा एक उलटेपणा ध्यानात आला. मोडीत देह टिकला आहे आणि वाचणारा कमी आहे. कागद रुमालात सुखरूप आहेत. मी गेलो नाही तरी ते पुढच्या वाचकाची वाट पाहू शकतात. खोक्यांत वाचन पुरे झाले आहे आणि देह चालला आहे. प्लायला वाळवी लागते, ट्यूब विझते, आणि आपल्याकडच्या खोक्यांना तर रुमालच नाही. निकडीच्या हिशेबाने पाहिले तर मोडी थांबू शकते, दार थांबू शकत नाही. मात्र माझ्या हिशेबाने पाहिले तर मी छप्पन्न वर्षांचा आहे, कंबरेच्या दोन मणक्यांविषयी डॉक्टरांचे मत चांगले नाही, आणि मोडीचे डोळे तयार व्हायलाही पाच-सात वर्षे लागतात. तीही थांबत नाहीत.

संग्राहक मित्राचे म्हणणे, सगळे ठेव, गावाकडे शेड बांध. बायकोचे म्हणणे, एक ठेवा आणि ते हॉलमध्ये नको. दोघांचेही ऐकून मी जे ठरवले आहे ते असे. नवे खोके घेणे बंद. 'अॅस्ट्रो सिटी' विकायचे. त्याच्यासारखी जगात पुष्कळ आहेत आणि त्याला चांगले घर मिळेल. त्या पैशांतून ट्यूबची रीतसर विल्हेवाट आणि वाहतूक भागवायची. टेबल एका ओळखीच्या मेकॅनिकला द्यायचे. तो ते चालवील, नुसते पुसत बसणार नाही. पाच देशी खोक्यांपैकी एकाला खालपासून वाळवी लागली आहे, ते मोडावे लागेल. बाकी चारांचे इंचा-इंचाने माप घ्यायचे, प्रत्येक वायरीचा नकाशा काढायचा, बाजूंच्या चित्रांचे फोटो दिवसाच्या उजेडात घ्यायचे. तिरप्या कडेचे 'मुस्तफा'चे खोके, त्यातला नकली बोर्ड आणि ट्यूब यांसह अखंड ठेवायचे. त्याची रुंदी लिफ्टच्या दारापेक्षा दीड इंच कमी भरते, हे मी दोनदा मोजले आहे.

उरलेल्या तिघांबद्दल मात्र मन अजून कचरते. दार बिजागरीतून काढून ठेवणे सोपे आहे. सहा स्क्रूंचे काम. पण खोक्यापासून सुटलेले दार म्हणजे दप्तरातून फाडून आणलेला एकच कागद. तो कुठल्या रुमालातला, त्याच्या आधी काय होते, हे पुढे कोणाला कळणार? म्हणून दारे काढण्याआधी प्रत्येकाच्या मागे गाव, पार्लरची जागा, खोके कोणाकडून आणि कधी आणले, आत कोणता बोर्ड होता, हे सगळे टिकाऊ शाईने लिहितो आहे. जिथली माहिती अपुरी आहे, त्या दोन गावांना दिवाळीनंतर जाऊन यायचे आहे. तिथल्या पार्लरचे एक मालक आता मोबाइलचे दुकान चालवतात. फोनवर त्यांनी आधी 'कशाला उकरता' म्हटले, मग अर्धा तास बोलले.

शनिवारचा मोडीचा वर्ग चालूच ठेवतो आहे. तिसऱ्या दारावरची शाई फार पुसट झाली आहे, आणि ती वाचायला कागदांसाठी घेतलेले भिंग कामी येते. काल रात्री त्यातल्या सात ओळी लागल्या. सहावीत 'नवीन बोर्ड आला' असे आहे. कोणता, ते अजून लागत नाही.